फ्यूजचं तोंड कुणीकडे

दुकानात त्याच्याइतका कावेबाज माणूस शोधून सापडला नसता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती चाचणीची जड चौकट चढवायची, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि एक भिंग काढून दुसरं घालत विचारायचं, "हे बरं की हे?" गिऱ्हाईक गोंधळलं, की हा ते भिंग हलकेच काढायचा, हवेत जरा फिरवायचा, आणि तेच भिंग त्याच खाचेत परत घालून विचारायचा, "आणि आता?" बहुतेक लोक म्हणायचे, "हां, आता कसं स्वच्छ दिसतंय." काही जणांच्या तर तोंडावर समाधान पसरायचं. म्हणजे या माणसाच्या आधीच्या उत्तरांवरही विसंबून चालणार नाही हे त्याला कळायचं, आणि तो चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. जेवताना तो हे किस्से बायकोला रंगवून सांगायचा. बायको त्याच दुकानात काउंटरवर फ्रेमा दाखवायला बसायची, त्यामुळे तिने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. तरी ती हसायची.

असा हा चलाख चष्मेवाला संध्याकाळी दुकानावरच्या मजल्यावर घरी आला, की अक्कल पायातल्या बुटांबरोबर दाराशी काढून ठेवायचा आणि मागच्या खोलीत जायचा.

मागच्या खोलीत त्याची गाण्याची यंत्रणा होती. दोन उंच स्पीकर, त्यांच्यामध्ये यंत्रांचं कपाट, आणि समोर बरोबर मध्यावर एक खुर्ची. खुर्चीचे पाय कुठे टेकायचे त्याच्या खडूने केलेल्या खुणा फरशीवर होत्या, आणि झाडताना त्या पुसल्या तर घरात दोन दिवस अबोला असायचा. थोरल्या भावाने त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. चेष्टेत ठेवलं होतं, पण याला ते मनातून आवडायचं. कुणी तसं म्हटलं की तो "छे, छे" म्हणायचा आणि मान किंचित ताठ करायचा.

यंत्रणेची पूजा त्याने पायरीपायरीने वाढवत नेली होती. आधी चांगले स्पीकर, मग जाड वायरी, मग त्या वायरींखाली ठेवायला लाकडाचे ठोकळे, कारण वायर फरशीला टेकली की आवाज दबतो असं त्याच्यासारख्याच एका शहाण्याने कुठेतरी लिहिलं होतं. त्यानंतर बाणवाल्या वायरी आल्या. काळ्याभोर, बोटाएवढ्या जाड, आणि प्रत्येकीवर एक चंदेरी बाण. गाणं बाणाच्या दिशेने गेलं पाहिजे. उलट लावली तर गाणं जातं, पण जाताना नाराज असतं, असं काहीसं त्या शहाण्यांचं म्हणणं होतं. त्या बसवल्या त्या दिवशी कानसेनाने पोटावर सरपटत, तोंडात टॉर्च धरून एकेक बाण तपासला होता.

आणि आता फ्यूज. फ्यूज म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, आत केसासारखी तार, दोन्ही टोकांना धातूची टोपणं. वीज जास्त आली तर जळून जायचं आणि यंत्र वाचवायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. पण त्यालाही तोंड आणि शेपूट असतं, असं कानसेनाच्या कानावर आलं. टोपणावरची बारीक अक्षरं भिंतीकडून यंत्राकडे वाचत जाता आली पाहिजेत. त्याने फ्यूज फिरवून ऐकलं. आवाज खुलला. पुन्हा फिरवून ऐकलं. आवाज मिटला. दिवसभर लोकांना तेच भिंग दोनदा घालून हसणारा हा माणूस इथे मात्र डोळे मिटून, ओठ दाबून, मान डोलावत बसला.

हे त्याने एका घरगुती जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं, हीच चूक झाली. थोरला भाऊ वीज कंपनीतून निवृत्त झालेला अभियंता. तो आधी ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, की अरे, भिंतीतली वीज म्हणजे काय टपाल आहे, इथून निघालं आणि तिथे पोचलं? ती सारखी पुढेमागे हेलकावत असते, एका सेकंदात कितीदा तरी. तुझ्या फ्यूजला येताना बरं वाटलं तर जाताना वाईट वाटेल, म्हणजे हिशेब सारखाच. सगळं टेबल हसलं. भाच्याने तर आपला चमचाही उलटा धरून दाखवला.

कानसेनाचा चेहरा पडला. आणि चेहरा पडलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो.

"ज्याचा एकच कान चालतो," तो म्हणाला, "त्याने दोन स्पीकरांच्या गोष्टीत पडू नये."

भाच्याने उलटा धरलेला चमचा खाली ठेवला. दादाचा उजवा कान त्या वर्षी जायला लागला होता. त्यांच्या वडिलांचाही उजवाच कान गेलेला होता, याच वयात. तेव्हापासून आई जन्मभर बाबांच्या डाव्या हाताला बसली, चालताना डावीकडून चालली, फोटोतसुद्धा डावीकडेच उभी राहिली. दादाच्या कानाबद्दल घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. ते याने भर जेवणात बोलून दाखवलं. दादा पाणी प्यायला, त्याने पान पुढे सारलं, आणि थोड्या वेळाने निघून गेला.

त्यानंतर तो या घरी आला नाही. भांडण असं झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं तरी काय, हेही कानसेनाला कळेना. दोघी जावांचं फोनवर चालायचं. भाऊभाऊ एकमेकांची ख्यालीखुशाली बायकांकडून विचारून घ्यायचे. कानसेन रोज ठरवायचा की आज फोन करू, आणि रोज मागच्या खोलीत जाऊन एखादी वायर सरळ करत बसायचा. वायरी सरळ होत गेल्या. फोन काही झाला नाही.

मग एके दिवशी वहिनीचाच फोन आला, आणि या वेळी तिने बायकोऐवजी त्यालाच फोनवर बोलावलं. डॉक्टर म्हणाले होते, की दादाचा डावा कानही आता उतरणीला लागला आहे. लवकरच कानात मशीन बसवावं लागेल. मशीनने ऐकू येईल सगळं, पण आवाज पूर्वीसारखे वाटणार नाहीत म्हणतात.

"त्याआधी यांना आई-बाबांची ती कॅसेट ऐकायची आहे," वहिनी म्हणाली. "स्वतः तोंडाने म्हणणार नाहीत ते. मी म्हणतेय."

ती कॅसेट म्हणजे आई-बाबांच्या आवाजाची घरातली एकुलती एक. कॉलेजात असताना कानसेनाने कुणाचातरी दोन माइकांचा रेकॉर्डर मागून आणला होता आणि आई-बाबांना कोचावर बसवून, एकेकाचा आवाज एकेका स्पीकरातून यावा म्हणून प्रत्येकापुढे एकेक माइक ठेवून, "बोला काहीतरी" म्हटलं होतं. ते काहीतरी बोलले होते. तिची प्रत कानसेनाने कधी काढली नाही, कारण प्रत काढली की आवाजातला जीव जातो असं त्याचं मत. आणि ती झिजेल म्हणून तो वाजवायचाही क्वचित. बाणवाल्या वायरी आल्यावर एकदा वाजवली होती. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आपल्यासारख्या कानवाल्यांना त्याने लिहून कळवलं होतं, की या वायरींमुळे आई-बाबा खोलीत येऊन बसतात, डोळे मिटले तर कोण कुठे बसलंय ते बोटाने दाखवता येतं.

दादा रविवारी दुपारी येणार असं ठरलं. कानसेनाची झोप उडाली. दादाला शेवटचं नीट ऐकायचंय, आणि तेही आपल्या यंत्रणेवर. एवढं एक जमलं तर ते जेवणाच्या टेबलावरचं बोलणं निदान थोडं तरी पुसलं जाईल, असं त्याला वाटत होतं. निदान दादा पुन्हा या घरी यायला लागेल. म्हणून काही म्हणजे काही चुकायला नको होतं. आणि फ्यूजबद्दल त्याला आता शंका यायला लागली होती. कधी वाटायचं बरोबर आहे, कधी वाटायचं आवाज कुठेतरी दबलाय.

शनिवारी दुकान दुपारचं बंद केल्यावर बायको म्हणाली, "बसा तुम्ही खुर्चीत. डोळे मिटा. मी मागे जाऊन फिरवते, तुम्ही ऐका आणि सांगा."

तो हरखला. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच या भक्तिमार्गाला लागत होती. त्याने तिला स्क्रू-ड्रायव्हर दिला, आधी वीज बंद करायची हे चारदा बजावलं, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. कपाटामागे खुडबुड झाली, बटणाचा आवाज झाला, बाईच्या आवाजातलं एक संथ गाणं लागलं. थोड्या वेळाने पुन्हा बटण, पुन्हा खुडबुड, पुन्हा तेच गाणं.

"हे बरं की हे?" बायकोने विचारलं.

खरं तर इथेच त्याच्या कानांना काहीतरी खटकायला हवं होतं. पण तो तंद्रीत होता. दुसरं बरं, तो म्हणाला, गायिका एक पाऊल पुढे आली. पुन्हा खुडबुड झाली. आता ती मागे गेली, तो म्हणाला, आणि आवाजाला कडा आल्यात. पुन्हा खुडबुड. हां, आता बघ, आता श्वाससुद्धा मोजता येतायत.

बायको कपाटामागून बाहेर आली. तिच्या केसांना जाळं लागलं होतं.

"ते झाकण माझ्याच्याने उघडलंच नाही," ती म्हणाली. "मी नुसतं बटण बंद-चालू करत होते. आणि आता?"

तो "आणि आता?" त्याच्या दुकानातलाच होता, अगदी त्याच सुरातला. कानसेन आधी लाल झाला, मग त्याला हसू फुटलं, आणि मग दोघंही इतकी हसली की खुर्ची खडूच्या खुणांवरून सरकली. आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. त्या सगळ्यांची त्याने मनोमन माफी मागितली आणि फ्यूजचं खूळ कायमचं सोडलं.

कायमचं म्हणजे बायको स्वयंपाकघरात जाईपर्यंत. तिची पाठ वळताच त्याने वीज बंद केली, झाकण उघडलं आणि फ्यूज बाहेर काढला. फक्त खात्री करायला. पण इतक्यांदा काढून-घालून टोपणावरची अक्षरं पार झिजून गेली होती. त्याने खाली दुकानात जाऊन घड्याळजी वापरतात तसलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं. तरी काही दिसेना. त्याने फ्यूज हातात गरगरा फिरवून पाहिला, आणि आधी तो कोणत्या तोंडाने बसला होता तेही विसरून गेला. दुनियेला दृष्टी देणारा हा माणूस काचेची नळी हातात धरून फरशीवर बसून राहिला. शेवटी त्याने ती कशीही आत सरकवली.

रविवारी दादा आला. तो वाळला होता. दारातून आत येताना त्याने मान किंचित उजवीकडे वळवलेली होती, डावा कान पुढे, अगदी बाबांसारखा. वहिनी त्याच्या डाव्या हाताला होती. दोघं भाऊ हवापाण्याबद्दल बोलले, दुकानाबद्दल बोलले, आणि जे बोलायचं ते सोडून सगळं बोलून झालं. चहा झाला. मग कानसेनाने दादाला मागच्या खोलीत नेऊन आपल्या खुर्चीत बसवलं. या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. वहिनीने न सांगता एक स्टूल ओढलं आणि दादाच्या डावीकडे टेकली. बायको मागच्या कोचावर बसली. कानसेनाने कॅसेट घातली आणि दादाच्या उजवीकडे उभा राहिला.

जरा खरखर झाली. मग आईचा आवाज आला, "हे चालू झालं का?" बाबा म्हणाले, "त्याला काय विचारतेस, मला विचार." आणि मग छत्रीवरून सुरू झालं. छत्री कुठे विसरली, कुणी विसरली, आणि ती विसरली तेव्हा पाऊस होता की नाही. आई हळू बोलत होती, कारण बाबांच्या कानाशी बोलायची तिला सवय. बाबांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही.

कानसेनाने दादाकडे पाहिलं. दादा कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"मला सगळं एकाच बाजूने येतंय," तो म्हणाला.

आणि तो उठला. खुर्ची सोडून, खडूच्या खुणा तुडवत, डावीकडच्या स्पीकरपाशी गेला, गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि डावा कान स्पीकरच्या जाळीला लावला. असा बराच वेळ राहिला. "इथे आई आहे," तो म्हणाला. मग सावकाश चालत उजवीकडच्या स्पीकरपाशी गेला, तसाच वाकला. "आणि इथे बाबा."

कानसेनाला गहिवरून आलं. तेच तर, तो सांगायला लागला, कोण कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं, ही या वायरींची...

"पण आई त्या बाजूला कशी?" दादा म्हणाला.

कानसेनाला प्रश्न कळला नाही. दादाने तोंडी समजावण्याऐवजी त्याला आणि त्याच्या बायकोला कोचावर शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः समोर उभा राहिला. तू बाबा, तो म्हणाला, तुझा उजवा कान बहिरा. आई तुझ्या डावीकडे. आता मी समोरून बघतोय. मला बाबा माझ्या डावीकडे दिसतात आणि आई उजवीकडे. तुझ्या स्पीकरात आई डावीकडे बोलतेय.

"आई बाबांच्या बहिऱ्या कानाशी बसलीय," दादा म्हणाला. "ती तिथे कधी बसलीच नाही."

कानसेन कोचावर बाबा होऊन बसला होता तो तसाच बसून राहिला. माइक उलटे ठेवले असतील, असं काहीतरी तो पुटपुटला, पण माइक त्यानेच ठेवले होते आणि बरोबर ठेवले होते. तो उठला, टॉर्च घेतला आणि कपाटामागे पोटावर सरपटत गेला. बाणवाल्या दोन्ही वायरी तिथे लोळत होत्या. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या, रंगाची खूण कशालाच नाही. दोन्ही बाण अगदी बरोबर दिशेने. फक्त डावीची उजवीत होती आणि उजवीची डावीत. बसवल्या त्या दिवशी त्याचं सगळं लक्ष बाणांवर होतं. तेव्हापासून आजतागायत त्याचं सगळं संगीत उलट्या अंगाने वाजत होतं, आणि हा खुर्चीत बसून गायिका एक पाऊल पुढे आली की मागे गेली ते सांगत होता. आईला त्याने जाऊन बसवलं ते नेमकं तिथे, जिथून तिचं बोलणं बाबांना ऐकू गेलं नसतं. आणि ते ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते लोकांना लिहून कळवलंही होतं.

कपाटामागे अंधार होता ते बरं होतं. तो गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ तिथे राहिला. त्याला हसू येत होतं, आणि रडूही येत होतं, आणि नाकात धूळ गेल्यामुळे शिंकही येत होती. शेवटी शिंकच आली.

"सापडलं का?" बायकोने विचारलं.

सापडलं, तो म्हणाला, आणि वायरींची अदलाबदल केली. एक त्याने घाईत बाणाच्या उलट बसवली. ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने ती तशीच राहू दिली.

कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लागली. दादा पुन्हा डावीकडच्या स्पीकरशी वाकला. बाबा म्हणाले, "त्याला काय विचारतेस, मला विचार." दादाने मान हलवली. मग तो उजवीकडे गेला आणि तिथेच फरशीवर बसला, कान जाळीला लावून. आई छत्रीबद्दल बोलत होती. मध्येच लांबून एक पोरगेला आवाज हसला. तो दादाचाच होता, त्या दिवशी दारात उभा राहून हसलेला. फरशीवर बसलेला दादाही हसला, आणि त्याने डोळे पुसले, आणि ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

कॅसेट संपली. दादा उठून परत खुर्चीत येऊन बसला. कानसेन त्याच्या उजवीकडे उभा होता, टॉर्च अजून हातात. हेच ते, त्याला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"दादा, त्या दिवशी मी बोललो ते फार वाईट बोललो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

दादा समोर बघत राहिला. चेहऱ्यावर काहीही नाही. दादा माफ करणार नाही तर, त्याला वाटलं, आणि ते बरोबरही आहे. क्षणभर असंही वाटलं, की चला, म्हणून तर झालं, आपलं काम संपलं. मग त्याची नजर वहिनीकडे गेली. दादाच्या डाव्या हाताच्या त्या स्टुलावर बसून ती याच्याकडेच बघत होती. तिने मानेने हळूच खूण केली आणि ती स्टुलावरून उठली.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यात एकदा मागितलेली माफी त्याने बहिऱ्या कानात सांगितली होती.

तो खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेला, स्टुलावर बसला, थोडा पुढे वाकला आणि तेच पुन्हा म्हणाला.

दादाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मघाशी तिकडूनही काहीतरी पुटपुटलास," तो म्हणाला.

"हेच म्हणालो होतो."

"असं होय," दादा म्हणाला, आणि त्याने डावा कान आणखी थोडा जवळ आणला. "हे बरं आलं."